बाळंतिणीच्या वासाचा कूलर

बापाच्या घरात ‘भविष्य’ हा शब्द काढायची सोय नव्हती. बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. बाप घरी आला, देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडून आला, पंचांग चुलीत घातलं आणि दर महिन्याला येणाऱ्या ज्योतिषाला गल्लीच्या तोंडावरूनच परत पाठवलं. पुढे घरी पेपर येऊ लागला, तेव्हा तो आधी राशीभविष्याचा तुकडा फाडायचा आणि मग पेपर वाचायला घ्यायचा. त्या तुकड्याच्या मागे काय छापलेलं असायचं ते आम्हाला कधीच कळलं नाही. एकदा मागे नळ येणार नसल्याची सूचना होती. सगळ्या वस्तीनं पाणी भरून ठेवलं, आणि आम्ही दोन दिवस शेजाऱ्यांच्या दारात हंडे घेऊन उभे.

मी चौथीपर्यंत शिकले. शेवटच्या परीक्षेत प्रश्न आला, ‘उज्ज्वल भविष्य’ या शब्दांचा वाक्यात उपयोग करा. मी लिहिलं, ‘आमच्या घरी उज्ज्वल भविष्य नाही.’ गुरुजींनी बापाला बोलावून घेतलं आणि घरी काय त्रास आहे ते विचारलं. बापानं वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाला, “बरोबर तं लिहिलं पोरीनं. मार्क काहून कापले?”

त्यामुळे भविष्य म्हटलं की माझ्या डोक्यात पोपटाची चिठ्ठी आणि हाताच्या रेषा, एवढंच होतं. सत्तरीच्या पुढे जाऊन मी त्याच शब्दासाठी येड्यासारखी धावपळ करीन असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्यालाही गल्लीच्या तोंडावरून परत पाठवलं असतं.

झालं ते नणंदेच्या कूलरमुळे.

नणंद माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. नवरा तिचा भाऊ, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मी मुलाकडे बेसाला राहते, नागपूरच्या दक्षिण टोकाला, चौथ्या मजल्यावर. ती मात्र उत्तरेकडच्या आमच्या जुन्या वस्तीतच राहते, पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत, एकटी. तिनं आयुष्यभर सुईणीचं काम केलं. त्या वस्तीतले अर्धे लोक तिच्या हातावर जन्मले आहेत, आणि उरलेल्या अर्ध्यांना ती नावं ठेवते. आता तिचे कान गेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यात ढग आहे. हातपाय मात्र अजून घट्ट आहेत आणि नाक तर असं, की जिन्यात कोणी आलं तर चपलेच्या वासावरून सांगते कोण आहे ते.

नागपुरात उन्हाळ्यात कूलरशिवाय माणूस राहू शकत नाही, हे सांगायला नको. पण ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी पेटी असते, खिडकीला लावलेली. तिच्या तीन बाजूंना गवत भरलेल्या जाळ्या, त्यांना आम्ही ताट्या म्हणतो. पेटीच्या तळाला पाणी. एक छोटा पंप ते पाणी वर चढवतो, ताट्या ओल्या राहतात आणि मोठा पंखा गार हवा आत फेकतो. दुपारपर्यंत पाणी संपतं. संपलं की पुन्हा भरायचं. भरलं नाही तर पंप कोरडा फिरतो, तापतो आणि जळतो.

नणंदेचा पंप एका महिन्यात दोनदा जळला. पाणी आटलेलं तिला दिसत नाही. पंप कोरडा झाला की त्याचा आवाज बदलतो, पण तो तिला ऐकू येत नाही. दुसऱ्या वेळी वायरसुद्धा वितळली. माझा मुलगा स्वभावानं गरीब आहे, पण त्या दिवशी त्यानं आत्याला कानाजवळ जाऊन ठणकावून सांगितलं, की आता आणखी एकदा पंप जळला तर तिचं सामान उचलून तो तिला बेसाला नेणार. आग लागली तर कोण जबाबदार, असं म्हणाला. त्याचं चुकलं होतं असं नाही.

नणंद तोंड फिरवून बसली. तो गेल्यावर मला म्हणाली, “मी नाही येत तुमच्या बेसाले. तिथं शेजारचं माणूस मेलं तरी लिफ्टवर चिठ्ठी लागल्यावर समजते.”

मी म्हटलं, मग पाण्याकडे लक्ष ठेव.

“कशानं ठेवू? डोळे देतं का तुह्ये?”

तिला ती खोली सोडायची नव्हती. तिच्यासाठी त्या उन्हाळ्यात दुसरा कोणताही प्रश्न नव्हता, आणि हळूहळू माझ्यासाठीही राहिला नाही. ती आमच्याकडे आली तर आम्ही दोघी दिवसभर एका सोफ्यावर बसून एकमेकींचा जीव घेऊ, हे मला माहीत होतं.

त्याच आठवड्यात मी सकाळी फिरायला गेले, तर आमच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजच्या फाटकावर मोठ्ठा फलक लागलेला. ‘भविष्य पाहायला या. प्रवेश मोफत.’ खाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं, पण चष्मा घरी होता. माझं डोकं तापलं. कॉलेजात, शिकल्यासवरल्या पोरांसमोर कुंडल्या मांडतात म्हणजे काय! वॉचमनला बाजूला करून मी सरळ आत गेले. ज्योतिषी दिसला की त्याला काय काय बोलायचं ते पायऱ्या चढतानाच जुळवून ठेवलं होतं.

आत ज्योतिषी नव्हता, कॉलेजच्या पोरांचं प्रदर्शन होतं. टेबलांवर वस्तू मांडल्या होत्या आणि प्रत्येक टेबलामागे एक पोरगा किंवा पोरगी उभी. एका भिंतीवर पन्नास वर्षांनंतरच्या स्वयंपाकघराचं चित्र होतं. त्यात ना शेगडी, ना ओटा, ना बाई. एका ठिकाणी थर्माकोलचं हवेत तरंगणारं अंथरूण होतं. मी त्या पोराला विचारलं, झोपेत कूस बदलली तर माणूस खाली पडेल त्याचं काय. तो म्हणाला, अजून तिथपर्यंत विचार केलेला नाही. मी म्हटलं, मग उद्या कर, म्हातारी माणसं फार कुशी बदलतात. त्यानं खरंच ते वहीत लिहून घेतलं. माझा राग तिथेच ओसरू लागला. माझं बोलणं कोणी वहीत लिहून घेतल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर एकच वाटी होती. साधी, पांढरी. मला वाटलं कोणी जेवून ठेवली. मागे केस बारीक कापलेली एक मुलगी उभी होती. ती म्हणाली, डोळे मिटा आणि आत बोट घाला. मी घातलं. वाटीला आतून, अर्ध्यावर, एक बारीक कंगोरा होता. ज्याला दिसत नाही त्यानं वरण वाढताना बोट कंगोऱ्यावर ठेवायचं, वरण बोटाला लागलं की थांबायचं. बस, एवढंच. मी डोळे उघडले, मिटले, पुन्हा बोट घातलं. मला त्या वाटीचं असं वेड लागलं की मी ती तीनदा टेबलावर ठेवली आणि तीनदा उचलली.

मुलीनं विचारलं, आजी, तुम्ही काय काम करायच्या? मी सांगितलं, उन्हाळाभर कूलरच्या ताट्या भरायचे, पंचवीस-तीस वर्षं. ताटी भरणं सोपं वाटतं, पण गवत ओलं झालं की खाली बसतं आणि वर मोकळी जागा पडते. त्या मोकळ्या जागेतून गरम हवा आत येते. म्हणून मी मधोमध सुतळीचा एक आडवा टाका घालायचे, म्हणजे वरचं गवत वर आणि खालचं खाली. बाकीच्या बाया घालत नव्हत्या. माझ्या ताट्या मागून नेणारी गिऱ्हाइकं होती.

ती म्हणाली, “मग तुम्ही डिझायनरच आहात की.”

मी म्हटलं, डिझाईन साडीच्या काठावर असतं.

“ते पण,” ती म्हणाली, आणि हसली. मग मी तिला नणंदेची अडचण सांगितली. दिसत नाही, ऐकू येत नाही, पाणी संपल्याचं कळणार कसं? मोबाईलवर घंटी वाजेल असं काहीतरी ती सांगेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, काय येत नाही ते सोडून द्या, काय येतं ते सांगा. मग तिनं विचारलं, पंप जळला हे त्यांना कसं कळलं?

मी म्हटलं, वास आला म्हणून.

तिनं नुसत्या भुवया वर केल्या. मग मी वाटी टेबलावर ठेवली आणि चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

जळल्याचा वास येतो, पण जळून गेल्यावर. तो वास जरा आधी आणायचा होता. बस, एवढंच! रस्त्यानं येताना मी मोठ्यानं बोलत होते असं भाजीवाल्यानं नंतर मला सांगितलं.

पुढचे दोन-तीन दिवस मी घरात कशी वागले ते सून अजून लोकांना सांगते. मला प्रत्येक वस्तूचं नवल वाटायला लागलं. सांडशी हातात घेतली की मी थांबायचे. ही पहिल्यांदा कोणी केली असेल? हात भाजलेला कोणीतरी माणूस असणार, कारण ज्याचा भाजला नाही त्याला हे सुचणार नाही. झाऱ्याला भोकं कोणी पाडली? वाळत घातलेल्या कपड्यांचा चिमटा मी अर्धा तास उघडत-मिटत बसले. एवढ्याशा तारेत किती अक्कल भरली आहे! सून म्हणाली, आई, दूध उतू गेलं. मी म्हटलं, दुधाच्या भांड्याला आतून कंगोरा पाहिजे. ती म्हणाली, भांड्याला कंगोरा नको, घरात एक शहाणं माणूस पाहिजे.

जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे मी चित्रं काढायला लागले. चित्रं म्हणजे काय, चौकोन आणि रेघा. पण एकदा हात सुटला की माणसाला आवर नसतो. जिना स्वतः चढणारी बादली काढली. हरवली की ओरडणारी चप्पल काढली. मग वाटलं, घराघरात कूलर कशाला, सगळ्या नागपूरला मिळून एकच कूलर करावा. अंबाझरीच्या तलावात त्याची टाकी, सीताबर्डीच्या टेकडीएवढ्या ताट्या, आणि पंख्याचं तोंड शहराकडे. त्या ताट्या भरायला विदर्भातल्या सगळ्या बाया लागतील. मुकादम अर्थात मी. मधोमध टाका कसा घालायचा, हाही विचार केला. जहाजाचा दोर लागला असता. बापानं भविष्य सांगायला मनाई केली होती, बनवायला नव्हती केली. हे सुचलं तेव्हा मी एकटीच हसले. मुलगा ऑफिसला निघाला होता, तो दारातून परत आला आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मग सामान गोळा केलं. तेलाची रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली. तिच्यात थोडी वाळू भरली, पाण्यात तरंगेल पण उचलली तर वजन लागेल इतकी. बिजागरीचं झाकण असलेली जुनी पत्र्याची डबी घेतली. सुतळी तर होतीच. युक्ती अशी, की डबी पंख्याच्या मागे पेटीला बांधायची. झाकणाला सुतळी, सुतळी ताट्यांवर पाणी सोडणाऱ्या वरच्या आडव्या पाइपवरून घेऊन दुसऱ्या टोकाला बाटली. पाणी भरपूर असलं की बाटली पाण्यावर तरंगते, सुतळी ढिली, झाकण बंद. पाणी उतरलं की बाटली लोंबकळते, सुतळी ताणली जाते आणि झाकण उघडतं. डबीत जे असेल त्याचा वास पंखा खोलीत फेकतो. पाणी भरलं की झाकण आपोआप बंद. बादलीत, कपडे वाळवायच्या दांडीखाली, मी हे सगळं घरी करून बघितलं. झाकण उघडलं तेव्हा मी टाळी वाजवली.

डबीत मी हिंग भरला होता. हिंगापेक्षा उग्र काय असणार?

नणंदेनं बाटली, सुतळी आणि डबी हातानं चाचपून बघितली आणि विचारलं, “काहून वं वयनी, हे काय करून राहिली? उंदीर धरतं का?” मी कानात ओरडून समजावलं. तिला युक्ती लगेच कळली. पाण्याची भीती नव्हती, खिडकीशी पाण्याचा ड्रम असतो आणि बादली उचलायची ताकद तिच्यात अजून आहे. फक्त कधी उचलायची ते कळायला पाहिजे होतं.

पहिल्याच दिवशी सकाळी अकरा वाजता तिला हिंगाचा वास आला. तिनं उठून दोन बादल्या ओतल्या. पेटी आधीच काठोकाठ भरलेली. पाणी खाली पानठेल्यावर पडलं. वास खालच्या बाईच्या फोडणीचा होता. साडेअकराला पलीकडच्या घरात फोडणी पडली, हिनं पुन्हा दोन बादल्या ओतल्या. पानठेलेवाला छत्री उघडून बसला. संध्याकाळी तिनं मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, “तुह्या मशीनीनं सगळ्या गल्लीचा स्वयंपाक मोजला.” आणि फोन ठेवून दिला.

मी दोन दिवस वासांचा विचार करत होते. कापूर चालणार नाही, कोणीतरी पेटवतंच. रॉकेल नको. बाम सगळेच लावतात. दुपारच्या वेळी गल्लीत कोणाच्याच घरातून येणार नाही असा, आणि नणंदेला झोपेतूनही उठवील असा वास पाहिजे होता. सुनेच्या मैत्रिणीकडे बाळ झालं होतं, तिला भेटायला आम्ही गेलो. खोलीत पाऊल टाकलं आणि मी उंबऱ्यातच उभी राहिले. वेखंड!

बाळाच्या टाळूला, अंगाला वेखंडाची पूड लावतात. आता फार कमी लोक लावतात, पण तिची आजी खेड्यावरून आली होती. हा वास जिच्या नाकात जन्मभर बसला आहे, अशी बाई मला ठाऊक होती. चाळीस वर्षं तिनं हा वास घेतला आणि चाळीस वर्षं या वासावर ती उठून पाणी ठेवत आली. मी बाळाकडे धड बघितलंही नाही. पुडी मागून घेतली आणि निघाले. सुनेला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं निघाले तर तपासणीत पिशवी अडली. गणवेशातल्या मुलीनं पुडी उघडली, पिवळट पूड बघितली आणि तिचा चेहरा बदलला. हे काय आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, बाळाचं आहे. तिनं विचारलं, बाळ कुठे आहे? मी म्हटलं, वस्तीत, आणि त्याला एका डोळ्यानं दिसत नाही. तिनं वास घेतला, दोनदा शिंकली आणि जाऊ दिलं.

वेखंडानं काम केलं. केलं म्हणजे कसं, दुपारी अडीच वाजता झाकण उघडलं, ओल्या हवेत तो वास दुप्पट झाला आणि नणंद अंथरुणावरून अशी ताडकन उठली की तिनं आधी पदर खोचला आणि मग तिला आठवलं की कोणी बाळंत होत नाही आहे. तिनं दोन बादल्या ओतल्या. झाकण पडलं, वास मंदावला. आम्ही दोघी पेटीपुढे उभ्या राहून हसलो. हसता हसता तिला ठसका लागला, मग मला.

एवढ्यात दार वाजलं. शेजारची बाई होती. तिनं आत डोकावून बघितलं, खाटेखाली बघितलं आणि हळूच विचारलं, “कोण बाळंत झालं वं?” तिच्यामागे आणखी दोघी होत्या. एकीनं तर झबलं आणलं होतं. पंख्यानं वास खोलीत टाकला होता, दार उघडं होतं, आणि जिन्यातून तो सगळ्या गल्लीत उतरला होता. सुईणीच्या घरून वेखंडाचा वास, म्हणजे आत कोणीतरी लपवून बाळंत केलेलं असणार. पोरगी कोणाची, इथपर्यंत चर्चा गेली होती. नणंदेनं कूलर दाखवला. त्या ऐकायला तयार नव्हत्या. शेवटी मी पेटीची बाजूची ताटी काढून वाळू भरलेली बाटली बाहेर काढून दाखवली. झबलं आणणारी बाई जरा नाराज होऊन गेली.

त्या दिवसापासून गल्लीनं कूलरला ‘बाळंतीण’ हे नाव ठेवलं. दुपारी वास सुटला की पानठेलेवाला खालून ओरडायचा, बाळंतिणीला पाणी पाहिजे. नणंदेला ते ऐकू जात नव्हतं आणि गरजही नव्हती. तोवर ती बादली घेऊन उभी असायची.

पण मुलगा काही ऐकत नव्हता. असल्या दोऱ्या-बाटल्यांवर माणसाचा जीव सोडायचा का, असं म्हणाला. मी म्हटलं, येऊन बघ. ठरलं असं, की रविवारी तो दुपारभर तिथे बसणार. आम्ही कोणी तिला हात लावायचा नाही, खुणावायचं नाही. पंप कोरडा व्हायच्या आत ती उठली नाही तर त्याच दिवशी तिला बेसाला न्यायचं. नणंदेला विचारलं तर म्हणाली, ये म्हणावं.

मी आदल्या दिवशीच तिथे मुक्कामाला गेले. वेखंड ताजं भरलं. सुतळीची गाठ तीनदा सोडली, तीनदा बांधली. नणंद मात्र मजेत होती. रविवारी सकाळी तिनं सावजीचा मसाला वाटून कोंबडी केली. परीक्षेच्या दिवशी एवढं जेवण कशाला, असं मी म्हटलं तर म्हणाली, परीक्षा कूलरची आहे.

मुलगा बारा वाजता आला. जेवला. मग खुर्ची कूलरच्या बाजूला ओढून बसला आणि घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. त्यानं पेटी किती भरली आहे ते स्वतः बघून घेतलं. एक वाजता नणंद खाटेवर आडवी झाली. दोन वाजता ती घोरत होती. कोंबडी आणि भात खाऊन ती भिंतीकडे तोंड करून अशी घोरत होती की माझा धीर सुटला.

अडीच वाजून गेले. बाहेर रस्ता रिकामा, ऊन पांढरं. मग आतून बाटली पत्र्याला लागल्याचा बारीक टक असा आवाज आला. तो मला ऐकू आला, मुलालाही आला. झाकण उघडलं होतं. हवेबरोबर वेखंड आलं. आधी जरासं, मग खोली भरून. मुलानं नाक उचललं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी पदर तोंडात धरला. नणंद घोरत होती.

एक मिनिट गेलं असेल. मला ते फार लांब वाटलं. कोपऱ्यात तिची कपड्यांची ट्रंक होती. ती कोणत्या हातानं धरायची आणि खाट कोणाला द्यायची, इथपर्यंत मी पोचले होते. आमच्या सोफ्यावर ती कोणत्या बाजूला बसेल तेही मला दिसलं. पंपाचा आवाज पातळ झाला. मुलगा खुर्चीतून उठला आणि तिच्या खाटेला धडकत बटन बंद करायला भिंतीकडे निघाला.

घोरणं थांबलं. भिंतीकडेच तोंड ठेवून, डोळे न उघडता नणंद म्हणाली, “उठलाच आहे तं दोन बादल्या टाक गा.”

मुलगा अर्ध्या वाटेतून वळला. मग तिच्या कानाशी वाकून त्यानं विचारलं, तुले समजलं कधी?

“वास तुह्या नाकात जायच्या आधी.”

“मंग उठली काहून नाही?”

ती कुशीवर वळली आणि त्याच्याकडे तिच्या एका डोळ्यानं बघितलं. “घरात धट्टाकट्टा भाचा बसून राहिला आहे, आणि म्हाताऱ्या बाईनं बादली उचलावी? हे शिकवलं का तुले तुह्या मायनं?”

मी पदर तोंडातून सोडला आणि हसू आवरलं नाही. पंप ओरडायला लागला तसा मुलगा धावला, ड्रममधून बादली भरली आणि ओतली. दुसरी ओतली. तिसरी कोणी सांगितली नव्हती, तीही ओतली. त्याचा सदरा ओला झाला. आत बाटली तरंगली, झाकण पडलं, वास कमी झाला आणि गार हवा यायला लागली.

मग तो वाद घालायला बसला. ती उठली नाही, म्हणजे ती हरली, असं त्याचं म्हणणं. नणंद म्हणाली, पंप जळला नाही पाहिजे हे ठरलं होतं, कोणी उठायचं हे ठरलं नव्हतं. पंप फिरून राहिला आहे, हात लावून पाहा. त्यानं मला विचारलं, काय ठरलं होतं. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई, मला काय विचारतो, तू पदवीधर आहेस. तो हसला तेव्हा मला कळलं की सामान हलणार नाही.

चहा झाल्यावर त्यानं पिशवीतून एक नवं कुलूप काढलं. पितळी, जड, दोन चाव्यांचं. आज खोली बंद करून जायचं म्हणून येतानाच घेऊन आला होता. ते कुठे ठेवावं ते त्याला कळेना. नणंदेनं त्याच्या हातून घेतलं, वजन पाहिलं, एकदा लावून उघडलं.

“चांगलं आहे,” ती म्हणाली. “बाजारात जाते तं लावत जाईन.”

एक चावी तिनं पदराला बांधली. दुसरी त्याच्या ओल्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि सांगितलं, हरवू नको, आणि येशील तेव्हा दार ठोकत बसू नको, मला ऐकू येत नाही.